छपरापुरती रजा

विश्वनाथनं शिडीवर उभं राहून कवेलू वर केलं आणि छपरावर बसलेल्या कवडूनं ते न बघताच घेतलं. दीड महिन्यात दोघांचे हात एवढे जुळले होते. आता आढ्याजवळची एकच ओळ राहिली होती, आणि विश्वनाथजवळ एकच दुपार. उद्या साडेदहाला त्याला नागपूरच्या कचेरीत आपल्या खुर्चीवर हजर व्हायचं होतं, आणि ही गोष्ट त्यानं कवडूला अजून सांगितली नव्हती.

कचेरीबाहेरच्या टपरीवर चहा पीत दहा वर्षं दोघांनी हेच तर ठरवलं होतं. नोकरी सोडायची, काटोलजवळच्या कवडूच्या एकरभर जागेत आपल्या हातानं दोन खोल्या बांधायच्या, संत्र्याची झाडं लावायची. फायली गेल्या चुलीत! त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत कवडूनं खरोखरच महिन्याची नोटीस दिली. विधुर माणूस, अडवायला घरी कोण होतं? त्याच दिवशी विश्वनाथही आपला कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. आत गेल्यावर पेन्शन आठवली, बायको वच्छला आठवली, आणि गड्याचा धीर सुटला. राजीनामा खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप साहेबांच्या हातात दिला तो एप्रिलपासूनच्या रजेचा अर्ज. कवडूला मात्र म्हणाला, दिला राजीनामा.

मग ते खोटं पोसणं आलं. इथं माझी खाट, तिथं वच्छलेचं स्वयंपाकघर, असं तो रोज बोलायचा आणि कवडू मान डोलवून तिथं तिथं दगड रचायचा. ते बघताना विश्वनाथला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता भिंती उभ्या झाल्या, वासे चढले.

ओळीतलं शेवटचं कवेलू वर देता देता तो एकदाचा बोलला.

"कवडू, मले उद्या जा लागते."

"हो ना. रजा संपते तुयी आज."

विश्वनाथनं शिडी गच्च धरली. डोक्यावर वैशाखाचं ऊन आणि अंगावर सर्रकन काटा. तुले कोणं सांगितलं, वच्छला बोलली का, असं त्यानं कसंबसं विचारलं, तर कवडू हसायलाच लागला. म्हणाला, बाबूलोकांची रजा सर्व्हिस बुकात कोण चढवत होतं? नोटिशीचा महिना मी त्याच टेबलावर काढला ना?

अरे देवा. लपवून दिलेला अर्ज तीन दिवसांत कवडूच्याच पुढ्यात येऊन पडला होता. रजेचा कागद आस्थापनेच्या टेबलावरूनच जातो, हे कचेरीतल्या नव्या शिपायालाही ठाऊक असतं. अठरा वर्षं कारकुनी केलेल्या विश्वनाथला ते सुचलं नव्हतं.

"मंग तू राजीनामा वापस काहून नाही घेतला? टाइम होता तुयाजवळ."

"मले तं यायचंच होतं गा." कवडूनं कवेलू बसवलं आणि तळव्यानं दाबून पाहिलं. "पण एकट्याच्यानं छप्पर होत नाही. साहेब तुले तीसच दिवस देऊन राहिले होते. मीच म्हटलं, घराचं काम हाये त्याचं, पंचेचाळीस द्या."

विश्वनाथ शिडीवरून उतरला आणि होता तिथंच मातीत बसला. माफीची चार वाक्यं त्यानं पाठ करून ठेवली होती. कवडू रागावला, शिव्या घातल्या, तर काय म्हणायचं तेही ठरलेलं होतं. त्यातलं आता काहीच कामाचं नव्हतं.

कवडू खाली आला, हात धुतले आणि पाण्याचा गडू त्याच्यापुढं ठेवला. साडेचारची एस्टी धर, म्हणाला, मागची भरून येते. मग त्याची पिशवी स्वतःच उचलून सडकेपर्यंत आला. वाटेत विहिरीच्या पाण्याचं काहीबाही बोलत होता. विश्वनाथला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

गाडी आली. कवडूनं पिशवी वर दिली. पुढच्या रविवारी येतो, असं विश्वनाथला म्हणायचं होतं. त्याला खरंच यायचं होतं. पण कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, तरी ते कवडूला सांगायला त्याचं तोंड उघडलं नाही.