भिवराबाईचा रॅम्प

नेकनूरच्या पलीकडच्या त्या गावात सोसायटीच्या हापिसाला नऊ पायऱ्या होत्या. दुष्काळात सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली आणि नियम केला, की मालकानं रोज सकाळी आठच्या आत हापिसात येऊन मशीनवर अंगठा द्यायचा. अंगठा नाही तर त्या दिवशी जनावराला चारा नाही.

भिवराबाईची गाभण म्हैस त्या छावणीत होती. सहा वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेली असताना भरलेली ट्रॉली कलंडली. नवरा जागीच गेला, आणि हिचं कंबरेखालचं अंग लाकूड होऊन बसलं. तेव्हापासून ती बेरिंगची चाकं ठोकलेल्या फळीवर बसून, दोन्ही हातांनी भुई रेटत गावात फिरायची. सकाळी पायऱ्यांपाशी येऊन हाक मारायची, मग सोसायटीचा क्लार्क पंडित मशीन घेऊन खाली यायचा. कधी लगेच, कधी मुद्दाम ताटकळत ठेवून. एकदा तो चारचौघांत म्हणाला, "काकू, तुमच्या एका अंगठ्यापायी माझे दोन पाय झिजायलेत."

माणसं हसली. भिवराबाईही हसली. घरी आल्यावर मात्र तिनं भाकरी तशीच झाकून ठेवली.

सोसायटीच्या पुढच्या सभेत तिनं हात वर केला. "मला कुणाची मेहरबानी नको. पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधा. कायदाच हाय म्हणत्यात तसा."

छावणी बघायला बीडहून साहेब यायचे होते, हे चेअरमन विठ्ठलरावांना ठाऊक होतं. ते तोंड भरून म्हणाले, "बांधू की अक्का! तुमच्यासाठी न्हाई तर कुणासाठी?"

चार दिवसांत काँक्रीट पडलं. गवंडी म्हणाला, "मालक, लई उभा होतोय. अजून पाच-सहा हात पुढं घेऊ द्या."

"पुढं माझी जीप लागती," विठ्ठलराव म्हणाले. "हाय तेवढ्यातच बसव."

रॅम्प उभाच झाला. वर दिसायला छान म्हणून गुळगुळीत फरशी लागली. पण त्याआधी काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून त्यावर पाणी मारायचं होतं. गावाला टँकर चार दिवसांनी यायचा, घरटी चार घागरी. आता टँकर आला की त्याचा पाइप आधी रॅम्पवर सुटायचा. बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सिमेंट पाणी पीत होतं. विठ्ठलरावांना कुणी काही बोललं नाही. साऱ्यांची जनावरं त्यांच्या छावणीत होती. बोल लागला तो भिवराबाईला.

"भिवरे, भागली का तुझ्या रस्त्याची तहान?" केशरबाई रांगेतून ओरडली. "माझी नात सकाळधरनं रडायलीय."

"म्या पाणी मारा म्हणले न्हाई, बाई."

"मंग रस्ता मागितला कुणी? माझ्या बापानं?"

साहेब आले त्या दिवशी चौघांनी भिवराबाईला फळीसकट उचलून वर नेलं. गळ्यात हार घातला, फोटो काढले. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं ते हापिस आतून बघितलं. डोक्यावर पंखा फिरत होता. तिला खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खालून हाक मारली, तर पंडित दारातूनच म्हणाला, "आता वर या काकू. सोय झाली म्हणून साहेबांनी लिहून नेलंय. म्या मशीन खाली आणलं तर मलाच जाब विचारतील."

तिनं फळी रेटली. निम्म्यावर गेली आणि घसरत खाली आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. अंगठा देऊन परतणाऱ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. त्यांत तिची जाऊ साखराबाई होती.

"साखराबाई, मागून जरा रेट की."

साखराबाई पुढं झाली. केशरबाईनं तिचं कोपर धरलं. "ऱ्हाऊ दे. तिचा रस्ता हाय, तिला चढू दे."

साखराबाई जागीच थांबली. मग खाली बघत निघून गेली.

भिवराबाई फळीवरून उतरली. फळीची दोरी कंबरेला बांधली, रॅम्पकडे पाठ केली आणि हातांवर अंग उचलत उलटी सरकत निघाली. तळहात सोलून निघाले. उंबऱ्याशी पोचली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. पंडितनं मशीनवर फडकं टाकलं होतं. त्या दिवशी म्हैस उपाशी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती तांबडं फुटताच आली. तशीच चढली, हापिस उघडायची वाट बघत बसली आणि अंगठा दिला. उतरताना फळीवर बसली, पण फळी हातात राहिली नाही. गुळगुळीत फरशीवरून ती सुसाट सुटली आणि खाली उभ्या जीपवर आदळली. उजवं मनगट मोडलं. विठ्ठलराव धावत आले. आधी जीपचा दरवाजा चाचपून बघितला, मग म्हणाले, "अक्का, जरा दमानं उतरायचं की!"

संध्याकाळी रॅम्पच्या तोंडाला साखळी लागली.

प्लास्टर अंगठ्यावरून कोपरापर्यंत होतं. डावा अंगठा चालेल का विचारायला साखराबाई पंडितकडे गेली, तर तो म्हणाला, "मशीनमधी उजव्याचीच नोंद हाय. डावा चढवायला बीडला अर्ज पाठवावा लागतो. महिना तरी जाईल." चार दिवस म्हशीपुढं काडी पडली नाही. पाचव्या दिवशी छावणीच्या यादीतून म्हशीचं नाव काटलं. साखराबाईच तिला सोडवून घरी घेऊन आली.

"भिवरे, त्या दिवशी माझं चुकलं," ती म्हणाली.

"कावून थांबलीस गं?" भिवराबाईनं विचारलं. साखराबाई म्हशीचा कासरा खुंट्याला बांधायला वळली.

घरात मूठभर कडबा नव्हता. भिवराबाईनंच केजच्या बंकट दलालाला निरोप धाडला. तो आला, म्हशीच्या बरगड्यांवरून हात फिरवला, मोजकेच पैसे टेकवले आणि कासरा ओढला. म्हैस हलेना. त्यानं शेपूट पिरगाळलं, तशी ती हंबरत चालू लागली.

वळणापर्यंत तरी सोबत जावं म्हणून भिवराबाईनं डाव्या हातानं भुई रेटली. एका हाताच्या जोरावर फळी पुढं जाईना, जागच्या जागी फिरली. तिनं पुन्हा रेटली, पुन्हा तेच. चौथ्यांदा तिचं तोंड रस्त्याकडे झालं, तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.