चौथ्या भागाचा कणा

तुम्ही ही पुस्तकं वाचली नाहीत. वाचणं सोडा, उघडलीसुद्धा नाहीत. बाहेरून पाहिलीत, उलटी दिसली, आणि शिक्का मारून मोकळे झालात.

एवढं लिहून बाइंडरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि बोटं मोडली. चौतीस वर्षं दाभण धरलेली बोटं ती, पेन धरलं की कुरकुरायची. समोर, खळीच्या डब्याला टेकून, वाचनालय समितीची नोटीस उभी होती. ‘बांधणी विभागाने ४१ पुस्तके उलट बांधल्याचे तपासणीत आढळले. सदर पुस्तके वाचनास अयोग्य असल्याने शुक्रवारी रद्दीत द्यावीत. संबंधित बाइंडरने सात दिवसांत लेखी खुलासा करावा.’

बांधणी विभाग म्हणजे वाचनालयाच्या तळघरातली एक खोली, पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, एक टेबल आणि बाई. दुसरं कुणी नाही. चूक कुणाची, हे शोधायला समितीला फार पायपीट करावी लागली नव्हती.

एक्केचाळीस पुस्तकं म्हणजे जपानी चित्रकथा, मांगा. ती उजवीकडून उघडतात. आपलं पुस्तक जिथे संपतं, तिथे ती सुरू होतात. बाईंनी ती बरोबर तशीच बांधली होती. उलटा कुणी असेल तर बघणारा.

सकाळीच ग्रंथपाल जिना उतरून खाली आले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त वरून आलेला कागद हातात आला की त्यांच्या पाठीचं दुखणं उठायचं.

“बाई, ‘चूक झाली’ एवढं लिहा आणि विषय संपवा. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचंय तुम्हाला. कशाला डोक्याला ताप?”

“साहेब, झाली असती तर लिहिलं असतं.”

“अहो, चित्रांचीच तर पुस्तकं ती. गेली तर गेली. पोरांनी जरा चांगलं काही वाचावं म्हणून समितीने त्या पुरस्कारवाल्या कुमार कादंबऱ्या घेतल्यात ना.”

“घेतल्यात. साठ प्रती. त्यातली एक तरी आली का माझ्याकडे शिवायला?”

साहेबांनी मान हलवली. त्यांना वाटलं, बाई पुस्तकांचं कौतुक करताहेत. “चांगल्या स्थितीत आहेत म्हणजे.”

बाईंची शाळा सातवीत सुटली होती, पुढचं सगळं शिक्षण फाटक्या पुस्तकांवर झालं. पान गहाळ आहे का हे वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून वाचल्याशिवाय शिवायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे एक गोष्ट त्यांना समितीहून जास्त ठाऊक होती. कुठलं पुस्तक लोक खरंच वाचतात हे त्याच्या कण्यावरून कळतं. पुरस्कारवाल्या कादंबऱ्यांचे कणे नव्या कोऱ्या कॉलरसारखे ताठ. बाईंनी त्यातल्या चार मुद्दाम वर जाऊन वाचल्या होत्या. चौदा वर्षांची पोरगी दुसऱ्या प्रकरणात हेडमास्तरांसारखी बोलायला लागते आणि शेवटी सगळ्यांची माफी मागते. कशाबद्दल, ते लेखकालाच ठाऊक.

सगळ्या चित्रकथा म्हणजे सोनं, असंही बाईंचं म्हणणं नव्हतं. निम्म्या नुसत्या हाणामाऱ्या, बशीएवढे डोळे, आणि किंचाळ्याच पानभर. पण एका जाड ग्राफिक कादंबरीत खाणकामगाराची बायको चार पानं नुसती वाट बघते, एक शब्द नाही. बाईंना आधी वाटलं, छपाईत अक्षरं राहिली. मग दुसऱ्यांदा पाहिलं, आणि त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याशी धड बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, “आज कोण मेलं पुस्तकात?” इतक्या वर्षांत तेवढं त्याला कळायला लागलं होतं.

आणि उलट बांधण्याची चूक बाईंनी केलीच नव्हती, असंही नाही. केली होती, सात वर्षांपूर्वी. मांगाचं पहिलं पुस्तक सुटी पानं होऊन आलं, तेव्हा त्यांना वाटलं छापखान्यातच गोंधळ झालाय. त्यांनी झटून ते ‘सरळ’ केलं, डावीकडून शिवलं, वर पुठ्ठा चढवला आणि स्वतःवरच खूश झाल्या. आठवड्याने एक बारा वर्षांची, पाप्याचं पितर असलेली मुलगी पुस्तक घेऊन तळघरात उतरली.

“मावशी, हिचं नाक बघा कुठे गेलंय.”

दोन पानांवर पसरलेला चेहरा होता. उजवा अर्धा डावीकडे, डावा अर्धा उजवीकडे. मधोमध दोन कान एकमेकांना भेटत होते. मुलगी हसली नाही, बाईही हसल्या नाहीत. बाईंनी टाके उसवले आणि तिच्यासमोर पुन्हा शिवले. मुलीने चित्रांवरून बोट फिरवत शिकवलं, इथून इथे, मग खाली. बाईंनी तिचं नाव पावशेर ठेवलं, आणि त्यानंतर तशी चूक पुन्हा केली नाही. हाच काय तो फरक होता त्यांच्यात आणि समितीत.

पावशेर आता एकोणीसची झाली होती. दुपारी ती आली, चष्म्याच्या दुकानाचा निळा कोट अंगात तसाच.

“मावशी, त्या दोन बहिणींच्या मांगाचा चौथा भाग वर नाहीये. कुणी नेलाय?”

“कुणी नाही. साहेबांच्या कपाटात कोंडलाय. उलटा आहे म्हणे.”

ती हसायला गेली, पण नोटीस वाचून तिचं हसू विरलं. “शुक्रवारी? मावशी, मी शनिवारी चाललेय. दुसऱ्या शहरात लागलं काम. धाकटीला अजून सांगितलेलं नाही.”

“अगं, मग सांग.”

“तोंड उघडत नाही माझं. ती रडणार, मी ओरडणार. आमच्या घरात बोलणं असंच होतं. चौथा भाग वाचला असता तिने, तर कळलं असतं तिला. निदान मला बोलता तरी आलं असतं.”

चौथ्या भागात काय आहे, ते बाईंना पाठ होतं. मोठी बहीण घर सोडून जाते. धाकटी शाळेतून येते, आणि दोन अख्ख्या पानांवर फक्त उंबरठा आहे. चपलांच्या एका जोडाची जागा रिकामी, आणि त्या जागेत आपल्या चपला न ठेवता बाजूला ठेवणारे दोन छोटे पाय. वाचनालयात या भागाच्या तीन प्रती होत्या. तिन्ही प्रतींचा कणा त्याच पानाशी मोडला होता. बाईंनी तो पाच वेळा नीट केला होता, आणि पाचही वेळा तिथेच मोडला होता.

“बस इथे,” बाई म्हणाल्या. “खळीला हात लावू नकोस, कोट खराब होईल.”

चौवीस पायऱ्या चढायच्या, आणि गुडघे आधीच वैतागलेले. ग्रंथपालांच्या खोलीत जाऊन त्यांनी हात पुढे केला. “किल्ली द्या, साहेब. खुलाशाला पुस्तक बघावं लागेल.”

“लिहिताय ना ‘चूक झाली’ म्हणून?”

“चूक कुठे झाली, तेच लिहितेय.”

साहेबांनी किल्ली दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी चौथ्या भागाची एक प्रत काढली. काउंटरवर जाऊन स्वतःच्या कार्डावर नोंदवली, तारखेचा शिक्का मारला आणि खाली आणून पावशेरच्या हातात दिली.

“पंधरा दिवसांनी परत. तू नसशील, तर धाकटीने आणायचं. तिला सांग, तळघरात मावशी असते.”

“आणि तुम्हाला काही बोलले तर?”

“बोलू देत. त्यासाठी तरी खाली उतरतील.”

पावशेर गेली. बाईंनी पुन्हा पेन उचललं. राग होता, पण त्याच्यावर थकवा साचला होता, जुन्या पुस्तकावर धूळ बसते तसा. ज्याने उघडूनही पाहिलं नाही त्याला पुस्तक समजावून सांगायचं, हेच काम आयुष्यभर केल्यासारखं त्यांना वाटलं. तरी लिहिलं.

पुस्तके मी बरोबर बांधली आहेत. सात वर्षांपूर्वी एक उलट बांधले होते, ते वाचणाऱ्या मुलीने दाखवल्यावर दुरुस्त केले. तुमच्या यादीत आता चाळीसच भरतील. एक मी वाचकाला दिले आहे, माझ्या कार्डावर नोंद आहे. माझ्या सेवापुस्तकात काय शेरा मारायचा तो मारा. पण त्याआधी चौथ्या भागाच्या उरलेल्या दोन प्रती कपाटातून काढा. कणा खाली करून टेबलावर धरा आणि पानांना बोट न लावता नुसत्या सोडा. दोन्ही एकाच पानावर उघडतील. ते पान कोणते, त्यावर काय आहे, आणि ते पाहिल्यावरही ही पुस्तके वाचनास अयोग्य आहेत असे तुमचे म्हणणे आहे का? शुक्रवारच्या आत लेखी खुलासा करावा.