माझ्या पोटातली वीज

मी एक जुनी, विजेवर चालणारी गाडी आहे. जुनी म्हणजे चारच वर्षांची, पण मित्रांनो, आमच्या जातीत तेवढ्यात म्हातारपण येते.

इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, माझ्यासारख्या गाड्या खूप. म्हणून वेगळे दिसावे यासाठी माझ्या कंपनीने मला मागच्या बाजूला वीज बाहेर देणारा एक प्लग दिला. दुकानातला माणूस म्हणायचा, बाकीच्यांच्या गाड्या नुसत्या धावतात, आमची घरचा तवाही तापवते. माझ्या मालकीण येशीबाईंनी मला निवडले ते त्यासाठीच. त्यांची आई जन्मभर चुलीच्या धुरात खोकली होती. आपल्या अंगणात पुन्हा धूर नको, असा त्यांचा हट्ट होता.

वीज गेली की बाई तव्याची वायर मला जोडायच्या. मोठमोठे इंजेरे, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या जाळीदार भाकऱ्या, पटापट उतरायचे. शेजारणी पिठाची भांडी घेऊन यायच्या. धावण्यापेक्षा मला त्याचाच अभिमान होता.

मग बाईंची आई गेली. चाळिसाव्या दिवशी तिच्या नावाने घालायच्या जेवणाच्या आदल्या सकाळी वीज गेली. पीठ फसफसून वर आले होते. आंबलेले पीठ कुणासाठी थांबत नाही. बाईंनी वायर जोडली. तवा थंडच राहिला. पहाटे हवेतून, इंटरनेटवरून, कंपनीचा हुकूम आला होता आणि माझा प्लग बंद झाला होता. पोटात वीज काठोकाठ भरलेली, अन् मला ती देता येईना.

बाईंनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "ताई, ती सोय आता नव्या गाडीत आहे. नवी उठून दिसायला हवी ना."

"म्हणून जुनीला खाली बसवलंत?" बाई म्हणाल्या.

शेजारचे देम्से निलगिरीची लाकडे घेऊन आले. त्यांच्याकडे पेट्रोलची खटारा गाडी होती. "माझं डबडं भाकरी भाजत नाही, येशी," ते म्हणाले, "पण भाजीन असं म्हणालंही नव्हतं."

आईच्या चाळिसाव्याचा स्वयंपाक अखेर धुरातच झाला. बाई खोकत होत्या. संध्याकाळी त्यांनी शालीच्या पदराने माझ्या प्लगवरची काजळी पुसली आणि झाकण लावले.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी गाड्या घडवेल. सगळ्यांत वेगळे दिसावे असे वाटेल. तर एवढेच करा, दिलेले परत घेऊ नका. बाजारात तेवढे अजून कुणी केलेले मी पाहिले नाही.