एकाच यादीचं ओझं दोनदा

मित्रांनो, मी एका रक्तपेढीतला जुना संगणक आहे. सध्या माझा मुक्काम सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी असतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझी स्मृती बेताचीच होती, पण कामापुरती होती. मी रक्तदात्यांची यादी सांभाळायचो. शिबिरं होत, नावं येत आणि एकच माणूस यादीत तीन-तीनदा दिसे. अशी दुबार नावं काढायचा प्रोग्राम एका तरुण बाईंनी लिहिला होता. मी दुसरी कोरी यादी उघडायची, एकेक नाव बघायचं आणि तिथे नसेल तरच उतरवायचं. "काय हुशार आहे हा!" सगळे म्हणत. मी अगदी सुखावून जाई.

पुढे यादी फुगली. जुनी आणि नवी, दोन्ही याद्या एकदम माझ्या स्मृतीत मावेनात. मी अर्ध्यावरच अडकू लागलो.

"हा ठोकळा कामातून गेला," व्यवस्थापक म्हणाले. नवा संगणक आला आणि माझ्यावर कापड पडलं. बाहेर पावलं वाजत, हसणं ऐकू येई. आत मात्र कुणी येत नसे. वर्षांमागून वर्षं गेली.

एका सकाळी नवा संगणक बंद पडला आणि नेमकं तेव्हाच एका बाळंतिणीला दुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं. मला घाईघाईने बाहेर आणलं, जपून ठेवलेली, दुबार नावं न काढलेली यादी माझ्यात भरली. पेढीत फोन सांभाळणाऱ्या ताई क्रमांक फिरवू लागल्या.

"अहो, तिसऱ्यांदा फोन करताय! मी परगावी आहे, सांगितलं ना?" पलीकडचा माणूस वैतागला.

ताई रडकुंडीला आल्या. मला दुबार नावं काढायला सांगितलं, तर मी पुन्हा अडकलो. शेवटी त्याच बाईंना बोलावलं. आता त्यांचे केस पिकले होते. आपलाच जुना प्रोग्राम वाचून त्या ओशाळल्या.

"याचा दोष नाही हो. मीच याला एकच यादी दोनदा उचलायला लावत होते."

त्यांनी नवा प्रोग्राम लिहिला. त्यात दुसरी यादी नव्हतीच! आहे त्याच यादीत फोन क्रमांक लहानापासून मोठ्यापर्यंत लावले, की सारखे क्रमांक शेजारी-शेजारी येत. त्यातला पहिला ठेवायचा, बाकीचे गाळायचे आणि खालची नावं वर सरकवायची. मी न अडखळता शेवटपर्यंत गेलो. त्या गटाचे अकराच जण उरले. नवव्या फोनवर एक शिंपीकाका म्हणाले, "आलोच. मशीन तेवढं बंद करतो."

बाळंतीण वाचली.

"चुकलंच माझं," जाताना बाई मला हळूच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नवा संगणक दुरुस्त होऊन आला. नवा प्रोग्राम त्याच्याकडे गेला, मी या खोलीत परतलो. तेव्हापासून इथे कुणी फिरकलेलं नाही.

मित्रांनो, कुणी कामात अडखळलं, तर त्याला निकामी म्हणण्याआधी बघा, आपण त्याच्यावर किती ओझं टाकलंय. आणि ते बघायला इतकी वर्षं लावू नका.