अंजनाबाईंची पितळी शिट्टी

मित्रांनो, माझी चकाकी केव्हाच उडाली आणि ओठांशी टेकणारी कडा दातांनी चेपली. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. कृष्णात हवालदार पलटणीत जवानांची कवायत घेत, तेव्हा दहा वर्षे मी त्यांच्या गळ्यात होते. निवृत्त होऊन ते आष्ट्याला परतले. १९७३ साली त्यांची मुलगी अंजना शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करून कडेगावच्या मुलींच्या शाळेत वर्षभरासाठी लागली. निघताना हवालदारांनी मला तिच्या गळ्यात घातले.

"आवाज लय बारीक हाय तुजा. ही असू दे संगं," ते म्हणाले.

खरेच, अंजनाबाईंचा आवाज दुसऱ्या रांगेपुढे जात नसे. समोर मुली दीडशे. मग सगळी भिस्त माझ्यावर आली. एक फुंकर, की हात वर. दोन फुंकरा, की उडी. मला केवढा अभिमान वाटायचा! पण तास संपला, की बाई घाईघाईने मला ओलीच पिशवीत टाकत.

डिसेंबरात मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतले. "सव्वीस जानेवारीची कवायत नीट झाली, तर तुम्हाला कायम करू. नाहीतर खेळाचा तास शिवणाला द्या, असं संस्थेचं म्हणणं आहे."

सव्वीस जानेवारीला मैदानाभोवती गाव लोटले होते. मुली रांगेत उभ्या राहिल्या. बाईंनी फुंकर मारली आणि माझ्यातून नुसती हवा फुसफुसली. पोटातला बुचाचा दाणा ओलीने फुगून अडकला होता. पुन्हा फुंकर, पुन्हा तेच. मुलींचे हात अर्ध्यावर थबकले.

"बाई, शिट्टीला पडसं झालं व्हय?" कुंपणावरून कोणीतरी ओरडले. हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाईंनी मला ओठांतून सोडले. पाय रोवले, पोटात श्वास भरला आणि हाक दिली, "एऽऽक!"

ती हाक शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. दीडशे हात वर गेले. "दोऽऽन!" बाई स्वतः पुढे उभ्या राहून मुलींबरोबर प्रत्येक प्रकार करू लागल्या. शेवटच्या उडीला हसणारेच टाळ्या वाजवत होते. त्यांच्या गळ्यात लोंबकळत मीही त्या तालावर उडत होते.

गर्दी पांगल्यावर मनुबाई पुढे आल्या. त्यांची नात पहिल्या रांगेत होती.

"बाई, आमास्नी बी शिकवा की. कंबर लय धरतीया."

त्यांचे मालक नाथाजी हसले. "रानात राबतीस, त्येवढं पुरं न्हाई व्हय?"

"रानात कंबर वाकती. सरळ कोन करनार, तुमी?"

पुढच्या रविवारी सकाळी अकरा बायका काष्टा घट्ट खोचून मैदानावर आल्या. पहिल्या दिवशी हसूनच दमल्या. दिवाळीपर्यंत त्या चाळीस झाल्या, आणि बाई शाळेत कायमही झाल्या. मग सुट्टीत माहेरी आष्ट्यातही बाईंनी बायकांचा वर्ग काढला. लेकीला सोडायला म्हणून आलेले हवालदार एका टोकाला उभे राहून तिची हाक ऐकत.

मी मात्र चार वर्षे शाळेतल्या खुंटीवर होते. धूळ बसली, पितळ हिरवे पडले. रागवावे तरी कोणावर? खिडकीतून मैदानावरचा बाईंचा आवाज येई आणि बरे वाटे.

१९७८ साली साताऱ्याला शिक्षिकांचे शिबिर भरले. शिकवायला अंजनाबाईंना बोलावणे आले. त्यांनी मला खुंटीवरून काढले, कोमट पाण्याने धुतले आणि नवा दाणा बसवला. साठ शिक्षिकांसमोर मी वाजले. अगदी खणखणीत!

मित्रांनो, तुमच्या कामाच्या वस्तू वापरून झाल्या, की पुसून, वाळवून ठेवा. एवढेच मागणे आहे. अंजनाबाई आता वर्ग संपला, की मला कट्ट्यावर उन्हात ठेवतात. मी आरामात वाळत पडते, आणि मैदानावर त्यांना बायकांनी गराडा घातलेला असतो.