अठरा चुंबकांची गादी

मी एक जुनी चुंबकी गादी आहे. जुनी म्हणजे दोनच वर्षांची, पण खोटेपणाने वस्तू लवकर म्हातारी होते. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा स्वतःची थोरवी गातात. माझ्याकडे थोरवी नाही. माझ्या पोटात पातळसा फोम आणि अठरा लोहचुंबक आहेत, फ्रिजच्या दारावर चित्रे चिकटवायला वापरतात तसले. रायपूरबाहेरच्या एका शेडमध्ये मला दहा मिनिटांत शिवले आणि अंगावर सोनेरी अक्षरांत ‘जपानी तंत्रज्ञान’ छापले. जपान मी पाहिलेला नाही. मला शिवणाऱ्यानेही नाही.

मला विकणाऱ्याचे नाव शेखर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि जिभेवर साखर. रेल्वे कॉलनीजवळच्या सभागृहात त्याने ‘मोफत आरोग्य शिबिर’ भरवले. साठीच्या आतल्यांना तो दारातूनच परत पाठवी, कारण ते प्रश्न विचारतात. म्हाताऱ्यांना चहा, बिस्किट आणि पाया पडणे. त्याच्यासारखा नम्र माणूस दिसला की मला आजही संशय येतो.

तिथे मीराबाई आल्या. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, यजमान रेल्वेत होते, ते वारलेले. त्यांची भंडाऱ्याकडची मराठी ऐकायला या शहरात फारसे कोणी उरले नव्हते. मुलगा प्रशिकसुद्धा निम्मी उत्तरे हिंदीत देई. शेखरने हे लगेच हेरले.

“जय भीम, मावशी! मी बी भंडाऱ्याकडचाच. गुडघे लय दुखून राहिले का?”

संपले! मराठी बोलतो म्हणजे आपला माणूस, आणि आपला माणूस फसवणार कशाला? परमुलखात जन्म काढलेल्यांची ही ठरलेली चूक. शेखर होता इथल्याच, रायपूरजवळच्या अभनपूरचा. समोर ओडिया माणूस आला की तो ओडिशाचा होई.

मग त्याने प्रयोग केला. मीराबाईंना फरशीवर उभे करून एक हात बाजूला धरायला लावला आणि मनगट दाबले. त्या कलंडल्या. मग माझ्यावर उभे केले, पुन्हा हात दाबला, आणि त्या हलल्या नाहीत. सभागृहात टाळ्या पडल्या. चार महिन्यांचे पेन्शन देऊन मला घरी नेले गेले. पक्के बिल नाही, नुसती चिठ्ठी, आणि तिच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

गुडघे होते तसेच राहिले. महिन्याने मीराबाईंनी फोन केला, तेव्हा शेखरची मराठी आटली होती. “मैडम, आपका केस मेरे पास नहीं है,” म्हणाला आणि फोन ठेवला.

खरा घाव मात्र घरातच बसला. प्रशिकने खुंटीवरची बाजाराची पिशवी उचलली आणि आईचे एटीएम कार्डही.

“आई, अब से सामान मैं लाऊँगा. तुले कोणीबी फसवते.”

पन्नास वर्षे घर चालवलेल्या बाईला आता वांगी निवडायचीही मुभा नव्हती. प्रशिक वाईट नव्हता, पण ठकाला सोडून ठकलेल्यालाच शिक्षा करणाऱ्या शहाण्यांपैकी होता. मीराबाई रात्रंदिवस माझ्यावर पडून राहत. एक दिवस नात रुचिताला म्हणाल्या, “गादी गेली चुलीत. मले माही पिशवी वापस पाहिजे.”

रुचिताने मोबाइलवरून ग्राहक आयोगात तक्रार दाखल करून दिली. सुनावणीला मला ई-रिक्षात उभे बांधून नेले. कंपनीचा वकील उठला आणि गोड हसला.

“माताजी की उमर हो गई है. प्रयोग सबके सामने हुआ था. इन्हें अब याद नहीं.”

“आठवते ना,” मीराबाई म्हणाल्या. “करून दाखवू?”

अध्यक्षांनी मान डोलावली. मीराबाईंनी वकिलाला माझ्यावर उभे केले, त्याचा हात बाजूला धरायला लावला आणि मनगट धरून बाहेरच्या अंगाला दाबले. काळा कोट कलंडून टेबलावर आदळला. मग त्याला फरशीवर घेतले आणि कोपराजवळ, अंगाच्या बाजूला दाबले. तो खांबासारखा उभा!

“दाबणाऱ्याच्या हातात हाय सारं, गादीत काही नाही,” त्या म्हणाल्या. “डोक्यावर हंडे वाह्यले मी. तोल काय असते, हे मले काय शिकवता?”

त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी लाज वाटली नाही.

पैसे परत करा, गादी स्वखर्चाने न्या आणि ही शिबिरे बंद करा, असा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी खुंटीवर होती, आत कार्ड. प्रशिकने माफीही मागायला हवी होती.

मला न्यायला अजून कोणी आलेले नाही. मीराबाईंनी माझी शिवण उसवून एक चुंबक काढला आहे. खाली पडलेल्या सुया त्याने वेचतात. अठरांपैकी एकाला तरी प्रामाणिक काम मिळाले. मित्रांनो, माझी निगा राखू नका, माझी ती लायकी नाही. पण घरातले म्हातारे माणूस फसले, तर त्याची पिशवी काढून घेऊ नका. त्याच्यासोबत तक्रार करायला जा.

परवा दारात एक नवा तरुण आला. हातात पाणी शुद्ध करायचे यंत्र, ओठांवर हसू. “नमस्कार मावशी! मी बी तिकडलाच...”

मीराबाईंनी पिशवी खांद्याला लावली आणि चष्मा चढवला.

“पक्कं बिल दाखव आधी. गाव मंग सांगजो.”