कुंपणाआडचा भोंगा

यास्नानं पुन्हा कळ दाबली आणि पडदा पुन्हा लाल ओळींनी भरला.

"आता काय म्हणतंय?" पावावर अवोकाडो फासत बेलार्मिनोकाकांनी विचारलं. कोळ्यांच्या संघटनेचे ते अध्यक्ष.

"म्हणतंय, ही नावं मी ओळखत नाही."

"माझी सासूच की! माझ्याच घरी जेवायची नि मलाच विचारायची, हा कोण?"

यास्ना हसली, पण बोटं थांबली नाहीत. लाटेचा इशारा देणाऱ्या भोंग्याचा प्रोग्राम तिच्या नवऱ्यानं, एलिएसेरनं लिहिला होता. त्यात वापरलेल्या नावांचे अर्थ यंत्राच्या स्वतःच्या हेडर फायलींत असतात, आणि कॉन्सेप्सिऑन शहरातून आलेल्या या नव्या यंत्रात ती नावं भलत्याच फायलींत विखुरली होती. एकेक फाइल शोधून ती जोडत होती. मोठ्या लाटेनंतर भोंगा बंदच होता. तो सुरू झाला तरच टेकडीवरच्या पत्र्याच्या खोल्यांमधली कुटुंबं खाली, आपापल्या घरी झोपायला जाणार होती.

शेवटची लाल ओळ गेली.

"झालं एकदाचं!" काका उठले.

"थांबा काका. आधी वीज तोडा."

भूकंपात पहिली जाते ती वीज. त्या क्षणी भोंगा बॅटरीवर जायला हवा. काकांनी खटका खाली ओढला, दिवे गेले. यास्नानं भोंग्याचं बटण दाबलं. यंत्र बॅटरीवर गुणगुणत राहिलं. भोंगा गप्प.

लाटेच्या त्या पहाटेही अस्संच गप्प होतं सगळं.

भूकंपाच्या धक्क्यानं ती नि एलिएसेर पलंगावरून खाली पडली होती. भोंग्याची ही खोली त्यांच्या अंगणापलीकडेच, किल्ली एलिएसेरच्या खिशात. पण त्यानं इकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. स्वयंपाकघरातलं पातेलं उचललं आणि ते बडवत तो थेट खाली वस्तीकडे धावत सुटला. त्या आवाजानं अर्धी वस्ती वर चढून वाचली. तो परत आला नाही. वळणावर त्याच्या नावाची छोटी देवळी आहे, लोक तिथं मेणबत्त्या लावतात. यास्नाला मात्र अजूनही झोपेत पातेलं ऐकू येतं, आणि जाग आली की एकच प्रश्न छळतो. आधी इकडे का नाही आलास रे?

काकांनी वीज परत आणली. ती प्रोग्राम वरून खाली वाचत गेली. वीज गेल्यावर काय करायचं, तो भाग त्यानं नीट लिहिलेला होता. पण भोवती एका अटीचं कुंपण होतं: वीज गेल्याच्या खबरीचं नाव यंत्राला ठाऊक नसेल, तर हा भाग वगळ. जुन्या यंत्राला ते ठाऊक नव्हतं, याही यंत्राला नव्हतं. चूक जाता जात नसली की या धंद्यात सगळेच असं कुंपण घालतात, मग बघू म्हणतात. वर त्यानं लिहिलं होतं, 'तात्पुरतं. सोमवारी बघतो. ए.'

लाट रविवारी आली होती.

म्हणजे वीज गेली की भोंगा वाजणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

बऱ्याच वेळानं तिनं कुंपण काढलं. नव्या यंत्रात त्या खबरीला दुसरं नाव होतं, ते घातलं. मग त्याची ती ओळ पुसून टाकली.

"सापडलं का गं?"

"हो."

"कुणाची चूक होती?"

"यंत्राची," ती मागे न वळता म्हणाली.

काका पाव हातात धरून उभे राहिले.

"त्या पहाटे माझ्या दारात तो रडत होता, पोरी. पातेलं बडवत होता नि म्हणत होता, 'भोंगा वाजणार नाही काका, मीच त्याला मुका केलाय.'"

यास्ना गर्रकन वळली.

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"देवळीची पहिली वीट मीच लावली."

पाव टेबलावर ठेवून ते खटक्याकडे गेले आणि तिच्याकडे न बघता त्यांनी तो ओढला. दिवे गेले. यास्नानं बटण दाबलं.

भोंगा वाजला. अख्ख्या खाडीवर वाजला. यास्ना मोठमोठ्यानं रडत होती, आणि त्या आवाजात ते कुणालाही ऐकू गेलं नाही.